गोजरानं पडीक ठेवलेलं खाचर

शिरवण्याच्या लोकांनी कान्हाला आधी वेडा म्हटलं, आणि मग सगळं गावच त्याच्या वेडाला लागलं.

कान्हा मुंबईच्या गोदीत माल उतरवायच्या कामाला होता. आठवडाभर तिकडे, आणि शनिवारी संध्याकाळी होडीतून खाडी ओलांडून घरी. तेव्हा खाडीवर पूल नव्हता, पलीकडे जायचं तर पाण्यातूनच. बाकीचे गोदीवाले येताना चहाची पूड आणत, बिस्किटं आणत, पोरांना झबली आणत. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच एका शनिवारी कान्हा काखेत चामड्याचा फुगीर गोळा घेऊन दारात उभा राहिला. कुठल्याशा जहाजावरच्या खलाशांनी टाकून दिलेला फुटबॉल होता तो. शिवण उसवलेली, तोंडाशी ओवलेली वादी तुटलेली. त्याची बायको गोजरा अंगणात तांदूळ पाखडत बसली होती. तिनं मान वर करून विचारलं, “ह्यो कं आनलाव? भोपला?”

“भोपला नाय, बॉल हाय. शिव जरा. तुजा हात बारीक चालतो.”

गोजरा हसली, पण तिनं तो शिवला. जाळं विणायचा दोरा मेणात ओढून घेतला आणि चुलीच्या उजेडात बसून टाके घातले. पुढं कितीतरी वर्षं शिरवण्याच्या क्लबचे सगळे बॉल तिच्याच हाताखालून गेले.

ही दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. कान्हानं गावातली दहा-पंधरा पोरं जमवली आणि त्यांना जे पाहून शिकला होता ते दाखवलं. त्याच्या जोडीला देवजी होता. देवजी कान्हापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, होड्या दुरुस्त करणारा सुतार. एका मोडलेल्या होडीची डोलकाठी कापून त्यानं गोलचे खांब केले. मंडळाला ‘नवतरुण क्रीडा मंडळ’ असं नाव दिलं, पत्र्यावर रंगवून देवजीच्या ओट्यावर टांगलं. पण तोंडी सगळे नुसतं ‘क्लब’ म्हणत. गंजिफ्राक जाळी रंगवायच्या काढ्यात बुडवून काढले की तपकिरी-तांबडे होत, तोच क्लबचा रंग. बूट कुणाकडेच नव्हते. सगळे अनवाणी खेळत. मिठागरात काम करून ज्यांच्या टाचा दगडासारख्या झाल्या होत्या, त्यांना बुटांची गरजही वाटत नव्हती.

अडचण एकच होती, जागेची. गावाची सगळी जमीन भाताची. कापणी झाली, खाचरं सुकली की पौषापासून वैशाखापर्यंत खेळायचं, आणि नांगर धरायची वेळ आली की खांब उपटून देवजीच्या पडवीत ठेवायचे. पाऊसभर बॉल आढ्याला टांगलेला. बेलापूर, घणसोली, करावे इथल्या पोरांशी सामने होत, त्यात शिरवणं बहुतेक वेळा जिंकायचं. पण दर साली पौषात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, कारण सहा-सात महिने पायाला सवयच नसायची. कान्हा कुरकुरत असे. “आपल्याला बारमाही मैदान भेटला ना, तर मुंबैच्या टीमना पानी पाजू,” हे वाक्य गोजरानं इतक्यांदा ऐकलं होतं की तो ‘आपल्याला’ म्हणाला की पुढचं ती म्हणून टाकायची.

खेळायला सगळ्यात सरळ जागा म्हणजे कान्हाचंच उंबराचं खाचर. बांधाला उंबर होता म्हणून ते नाव. गावातलं ते सगळ्यात सपाट खाचर होतं आणि भातालाही सगळ्यात चांगलं. कान्हाकडे दुसरा तुकडा होता खाडीच्या कडेला, खारट पाण्याचा, त्यात नुसता जाडा तांबडा तांदूळ यायचा. घर चालायचं ते उंबराच्या खाचरावर.

त्रेपन्न साली शिमगा उलटल्यावर कान्हाला कावीळ झाली. गोदीतून रजा काढून तो घरी आला तेव्हा डोळे हळदीसारखे झाले होते. वैदाची मुळी झाली, पथ्य झालं, होडीत घालून पलीकडच्या दवाखान्यात नेऊन आणलं. आवाज बसत चालला होता तरी रोज संध्याकाळी विचारायचा, “आज कोन कोन आल्ता खेलाला?” आणि एका संध्याकाळी त्यानं ते विचारलं नाही. त्याच आठवड्यात तो गेला.

गोजराच्या पदरात एकच मुलगा होता, रोहिदास, अकरा-बारा वर्षांचा. दीर वेगळे निघालेले. तिनं बांगड्या उतरवल्या, दिवसकार्य केलं, आणि नांगरणीची वेळ आली तशी बैलजोडी सांगून ती खाचरात गेली. लोकांचं दुःख काही शेत ओळखत नाही, पेरणी व्हायलाच हवी होती. बांधावर पाय ठेवला तर समोर गोलचे खांब तसेच उभे. एका खांबाला टेकून देवजी बसला होता, पायाशी पहार पडलेली.

“दादा, खांब काडले नाय?” तिनं विचारलं.

देवजीनं तोंड फिरवलं. “हात चालला नाय, वयनी. उद्या काडतो.”

नांगरवाला बैल थोपवून उभा होता. गोजरानं खाचराकडे एकदा पाहिलं. मधोमध पोरांच्या पायांनी उघडा पडलेला मातीचा पट्टा होता. त्या पट्ट्यावरून कान्हा कसा धावायचा, डोकं एका बाजूला कलतं करून, ते तिला दिसलं.

“राहू दे,” ती म्हणाली. “नका काडू.”

“आज नको म्हंतेस?”

“कवाच नको.”

नांगरवाल्याला तिनं खाडीकडच्या तुकड्यावर पाठवलं. थोरली जाऊ धावत आली, म्हणाली, “डोस्का फिरला काय तुजा? अन्नाची जागा पोरांच्या लाथांना देतेस?” कुणी वचन घेतलं नव्हतं, मरताना कान्हा काही बोलला नव्हता. नुसतं ते खाचर पुन्हा पाण्याखाली जावं हे गोजराला सोसवत नव्हतं, एवढंच.

त्यानंतर तिनं जे काढलं ते तिचं तिलाच ठाऊक. सकाळी मिठागरात मीठ ओढायला, दुपारी लोकांच्या शेतात मजुरीला, पावसात दुसऱ्यांच्या खाचरात लावणीला. स्वतःचं उत्तम खाचर असून ती दुसऱ्याच्या चिखलात वाकलेली असे, आणि तिच्या जमिनीवर गवत वाढत असे. पायांना मिठानं चिरा पडल्या. घरात तांबडा भात आणि सुकी मासळी, सणालाही पांढरा तांदूळ विकत. रोहिदास कधी ताटाकडे बघून गप्प बसायचा. पण पोरगा होता, संध्याकाळी मैदानावर गेला की विसरायचा.

आणि क्लब मात्र बहरला. देवजीनं बाकीच्या पोरांना हाताशी धरून खाचराच्या चारी बांधांना चर खणले, खाडीतली वाळू होडीने आणून पसरली. आता पावसातही खेळता येऊ लागलं. कान्हा म्हणायचा ते खरं झालं. तीन-चार वर्षांत शिरवण्याची टीम ठाण्याला जाऊन खेळू लागली, मग खाडीपलीकडे मुंबईला. चांगल्या टीम उलट इकडे येऊ लागल्या. अंगावर रंगीत जर्सी, पायात बूट, आणि होडीतून उतरताना चिखलात रुतून त्यांची फजिती व्हायची ते बघायला बायका बंदरावर जमत. सामन्याच्या दिवशी गोजरा उंबराखाली पाण्याचा हंडा घेऊन बसे. पोरं तिला ‘गोजरामाय’ म्हणत. फाटलेला बॉल, उसवलेला गंजिफ्राक, निखळलेलं नख, सगळं तिच्याकडे.

रोहिदास डाव्या पायाचा निघाला. बापासारखाच मान कलती करून धावायचा. पण बाप नुसता धडपड्या होता, मुलाच्या पायात खरोखर काहीतरी होतं. बॉल त्याच्यापाशी आला की बघणारे बोलणं थांबवत. त्याचा जिवाभावाचा मित्र म्हणजे बायजाबाईचा धर्मा, क्लबचा गोली. दोघं एका ताटात जेवलेले. साठ साली क्लबनं मुंबईत एक ढाल जिंकली, तेव्हा शेवटचा गोल रोहिदासचा होता. होडी शिरवण्याला लागली तेव्हा भरती संपून चिखल उघडा पडला होता. धर्मानं आणि इतरांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि तसंच गुडघाभर चिखलातून गावदेवीच्या देवळापर्यंत नेलं. देवळाच्या पायरीशी गोजरा उभी होती. रोहिदासनं ढाल तिच्या हातात दिली. ती इतकी जड असेल असं तिला वाटलं नव्हतं.

त्रेसष्टच्या थंडीत मोजणीवाले आले.

डोंगराच्या पायथ्याशी, ठाण्याहून बेलापूरला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेनं कारखाने उभे राहणार असं ऐकू येतच होतं. महाप्याकडच्या जमिनींना नोटिसा लागल्या होत्या. आता शिरवण्याची पाळी आली. साखळ्या ओढत, लाल झेंड्या रोवत माणसं खाचराखाचरांतून फिरली. एक झेंडी त्यांनी मैदानाच्या मधोमध रोवली. पोरं त्या दिवशी तिला वळसा घालून खेळली.

गावातला शिकलेला माणूस म्हणजे कमळाकर. ठाण्याला कचेरीत जाऊन येऊन त्यानं गावाला समजावलं. जमीन जाणार, ते टळत नाही. पण ज्यांची कसती जमीन जाईल त्यांच्या घरातल्या एकाला कारखान्यात नोकरी मिळेल असं बोलणं झालं आहे. जागा मात्र मोजक्याच आहेत. आधी ज्यांचं जास्त जातंय ते, मग कमी जातंय ते, आणि जागा भरल्या की संपलं.

मग एका दुपारी तो गोजराच्या घरी आला. पाण्याचा तांब्या रिकामा करून खाली ठेवला. म्हणाला, “काकी, तुमचा खाचर सरकारात पडीक म्हनून लागलाय. दहा वरसा पीक नाय. पडीक जमिनीवर नोकरी नाय. खाडीकडचा तुकडा त्यांना नको.”

रोहिदास दाराशी उभा होता. “पडीक? अख्खा गाव खेलतो तिथं!”

“खेलनं म्हंजे कसनं नव्हं, असा सायेब म्हनतो. पन उपाय हाय. परवा देवलात सायेब चौकशीला बसनार. नोंद चुकली, गेल्या साली भात व्हता, असा काकींनी सांगायचा. पंच हो म्हनतील. बस, एवढाच. तुमचा खाचर मोठा हाय, नंबर वरच लागंल.”

जाताना तो दारात थांबला आणि रोहिदासकडे न बघता म्हणाला, “शेवटचा कोनतरी गलंल मात्र. बहुतेक धर्मा. त्यांचा तुकडा अगदीच बारका हाय.”

परवाचा दिवस उजाडला. गावदेवीच्या देवळात सतरंजी अंथरलेली, साहेब खुर्चीवर, पुढ्यात कागद. सारा गाव लोटला होता. क्लबची पोरं एका खांबाशी दाटीवाटीनं बसली होती, सगळ्यांनी धुतलेले सदरे घातलेले. बायकांमध्ये गोजराच्या अगदी समोर बायजाबाई बसली होती, धर्माची आई. नवरा खोकून खोकून अंथरुणाला लागलेला, धर्माच्या पाठीवर दोन पोरी. पदराचा काठ तिनं दातात घट्ट धरला होता आणि ती गोजराकडे बघत नव्हती.

एकेकाचं नाव निघालं. मग साहेबानं वाचलं, “कान्हा यांची विधवा गोजराबाई. उंबराचं खाचर. पडीक.”

कमळाकर पुढं झाला. “सायेब, तिथं नोंदीची चूक झाली आहे. लागवड होती.”

साहेब काही वाईट माणूस नव्हता. दमलेला होता. त्यानं चष्मा काढून पुसला. “होती ना? मग पंचांनी सांगावं.”

पंच एकमेकांकडे बघू लागले. साहेबाची नजर पोरांकडे गेली. “तुमच्यापैकी कोणी पाहिलंय तिथं भात?”

पोरांपैकी एकानंही मान वर केली नाही. ज्यानं त्या मातीत गुडघे फोडून घेतले होते, ज्याचं नख गोजरानं बांधलं होतं, ज्याच्या अंगावरचा गंजिफ्राक तिनं रंगवला होता, ते सगळे सतरंजीकडे बघत राहिले. खोटं बोलायला नको म्हणून नव्हे. प्रत्येकाच्या घरात कुणीतरी नोकरीची वाट बघत होतं. रोहिदास धर्माकडे बघत होता. धर्माच्या कपाळावर घाम आला होता.

“बाई, तुम्हीच सांगा,” साहेब म्हणाला. “गेल्या साली भात लावलं होतं?”

गोजरा उठून उभी राहिली. तिला फक्त हो म्हणायचं होतं. रात्रभर तिनं ते घोकलं होतं. पण हो म्हणायचं म्हणजे तिथं मैदान नव्हतंच असं म्हणायचं. कान्हाचा क्लब नव्हता, ढाल नव्हती, ती दहा वर्षं दुसऱ्यांच्या चिखलात वाकली ती उगाच. आणि समोर बायजाच्या दातात तो पदराचा काठ. यांतलं कशाचं ओझं जास्त झालं ते तिला पुढंही कधी सांगता आलं नाही.

“नाय सायेब,” ती म्हणाली. “भात नव्हता. तिथं पोरा खेलायची.”

साहेबानं कागदावर खूण केली आणि पुढचं नाव वाचलं.

घरात शिरल्यावर रोहिदासनं कोपऱ्यातला बॉल उचलला, हातात फिरवून पाहिला, त्यावरचे आईचे टाके पाहिले, आणि तो परत होता तिथं ठेवला.

“आये,” तो म्हणाला, “त्यांचा समजतो मना. त्यांना आपापल्या घराची चिंता परली व्हती. पन तू माजी आई ना?”

“रोहिदासा, ती बायजा...”

“बायजाचा पोर तुना दिसला. तुजा नाय दिसला.” त्याचा आवाज चढला नाही, तेच गोजराला जास्त लागलं. “ल्हानपनापासून तांबडा भात खाल्ला मी. बोललो कवा? वाटायचा, बापासाठी करते. तू कलब पोसलास, आये. मना नाय पोसला.”

गोजरा चुलीपाशी जाऊन बसली.

जमीन ताब्यात जायच्या आधी क्लबनं शेवटचा सामना ठेवला, घणसोलीशी. गाव लोटलं. रोहिदास घराबाहेर पडला नाही. पोरं बोलवायला आली ती ओट्यावरूनच परत गेली. धर्मा तेवढा बराच वेळ अंगणात उभा राहिला, मग तोही गेला. आरडाओरडा घरात ऐकू येत होता. रोहिदास भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि गोजरा उंबऱ्यावर बसली होती, ना आत ना बाहेर. शिरवणं हरलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या होडीनं रोहिदास मुंबईला निघाला. तिनं बांधून दिलेली भाकरी त्यानं घेतली. पाया मात्र पडला नाही.

मुंबईत त्याला एका गिरणीनं घेतलं. गिरणीची टीम होती आणि तिला डाव्या पायाचा माणूस हवा होता. ही बातमी गोदीवाल्यांकडून कळली, त्याच्याकडून नाही. पहिली दिवाळी गेली, शिमगा गेला, गावदेवीची जत्रा गेली. तो आला नाही. इकडे उंबर तोडला गेला. तारेचं कुंपण आलं. खाचरात सिमेंटचे खांब उभे राहिले. गोजरा मिठागरात जायची ती वाट तिथूनच होती. तिनं लांबची वाट धरली.

बायजा आणि धर्मा पेढे घेऊन आले, धर्माचा पहिला पगार झाला तेव्हा. बायजा पायरीशी बसली, पुडा पुढं केला, आणि काही बोलायच्या आधीच तिचे डोळे वाहू लागले. धर्मा हात मागं बांधून उभा होता. गोजरानं एक पेढा घेतला, तोंडात टाकला. “गोड हाय,” म्हणाली. “चा ठेवते.”

पासष्ट साली देवजी सांगत आला, की गिरण्यांच्या सामन्यांची फायनल आहे रविवारी, आणि रोहिदास खेळतोय. “चल, वयनी. मी हाय संगतीला.”

ती नको म्हणाली. मग शनिवारी दुपारी तिनं भोपळ्याच्या घाऱ्या तळायला घेतल्या. पहाटेच्या भरतीला होडी, पलीकडे उतरून बस, मग चालत. ठेवणीतलं लुगडं नेसली होती. मैदानाभोवती दोर बांधलेला आणि माणसंच माणसं. बाईमाणूस दिसत नव्हतं. देवजीनं तिला कडेला एका झाडापाशी उभं केलं.

रोहिदासला तिनं चेहऱ्यावरून ओळखलं नाही, इतका तो लांब होता. ओळखलं ते मान कलती करून धावण्यावरून. अंगात निळी जर्सी, पायात बूट. शिरवण्यात तो खेळायचा त्याहून सरस खेळला. त्यानं गोल केला तेव्हा लोकांनी टोप्या उडवल्या, आणि शेजारच्या कुणीतरी देवजीला विचारलं, “कोण हो हा डावरा?” देवजीची छाती भरून आली. “आमच्या शिरवन्याचा,” तो म्हणाला, आणि गोजराकडे बघून थांबला.

सामना संपला. खेळाडू घोळक्यानं बाहेर येत होते. रोहिदासनं देवजीला पाहिलं, वाकून त्याच्या पाया पडला. मग त्याला गोजरा दिसली. तो उभा राहिला. घामानं भिजलेला, श्वास लागलेला. दोन वर्षांत गालाची हाडं वर आली होती.

“कवा आलीस?”

“सकाली.”

त्यानं मान हलवली. क्षणभर तिला वाटलं, आता काहीतरी बोलेल. रागाचं का होईना.

“निघा आता,” तो म्हणाला. “होडी चुकंल तुमची.”

तिनं घाऱ्यांचं फडकं पुढं केलं. त्याचा हात उठला नाही. शेजारच्या एका खेळाडूनं हसत हसत ते घेतलं, “अरे वा, गावचा माल!” आणि तिथंच सोडलं. सगळ्यांचे हात पडले. बघता बघता घाऱ्या संपल्या. रोहिदास पलीकडे गवतावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. खाली मान घालून, एकेक नाडी, अगदी सावकाश. गोजरानं रिकामं फडकं परत मागून घेतलं.

होडीत देवजी म्हणाला, “दमला असंल पोर.”

“हां,” ती म्हणाली. खाडी अर्धी ओलांडून झाल्यावर ती पुन्हा बोलली. “बूट लागत असतील त्याला. सवय नाय ना.”

देवजीनं डोळे पुसले. तिनं नाही.

नवतरुण क्रीडा मंडळ मोडलं असं कुणी जाहीर केलं नाही. जे चांगले खेळत ते कारखान्याच्या टीममध्ये गेले. तिथं बूट मिळत, सामन्याच्या दिवशी सुट्टी मिळे. धर्मा तिकडे गोली झाला. पाटी देवजीच्या ओट्यावर वाकडी लटकत राहिली. पण देवजी हट्टी म्हातारा. खाडीकडचं एक मिठागर बंद पडलं होतं, त्याच्या मालकाकडून त्यानं ती जागा मागून घेतली. जमीन पांढरी, खपल्या सुटलेली, पडलं की सोलून निघायचं. अडुसष्ट साली तिथं नवी पोरं खेळू लागली. नारळ फोडायला त्यांनी गोजराला बोलावलं. ती गेली. नारळ एका फटक्यात फुटला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी बसायला फळी आणून दिली. ती बसली नाही. “काम हाय,” म्हणाली आणि सामना सुरू व्हायच्या आत घरी आली.

त्याच साली माघात एका दुपारी दारात एक अनोळखी बाई उभी राहिली. शहरी पद्धतीनं साडी नेसलेली, कडेवर अडीच-तीन वर्षांची मुलगी. “गोजराबाई तुम्हीच ना?” तिनं विचारलं. “मी मैना. रोहिदासची... तुमची सून.”

त्याचं लग्न झालेलं गोजरानं उडत उडत ऐकलं होतं. मूल असल्याचं ऐकलं नव्हतं. तिनं हात धरून मैनाला आत घेतलं, पाय धुवायला पाणी दिलं, चूल पेटवली. मैना भिंतीला टेकून बसली. “त्यांना माहीत नाही मी आलेय ते,” ती म्हणाली. “माहेरी जाते सांगून निघाले. माझ्या मावशीनं पलीकडे होडीपर्यंत सोबत केली. एकदा बघावंसं वाटलं तुम्हाला.”

“बरा केलास.” गोजरा तांदूळ धूत होती. आज पांढरे तांदूळ काढले होते. “खेलतो का अजून?”

“नाही. गुडघा गेला गेल्या वर्षी. आता खात्यातच असतात. गिरणीनं काढलं नाही तेवढं बरं.”

गोजराचा हात पाण्यात थांबला. “दुखतो का?”

“थंडीत दुखतो. तेल चोळून देते मी.”

“कोमट कर तेल. त्याच्या बापाला कोमट लागायचा.” तांदूळ निथळत तिनं विचारलं, “नाव काडतो का कवा... गावाचा?”

मैना खोटं बोलू शकली असती. तिनं मान खाली घातली. “नाही, सासूबाई. मी काढलं तर उठून जातात.”

जेवण झालं. मुलगी घरभर फिरली, कोंबड्यांच्या मागं धावली, मग येऊन गोजरासमोर उभी राहिली. सरळ डोळ्यांत बघत तिनं विचारलं, “तू कोण?”

गोजराच्या ओठांवर शब्द आलाच होता. तेवढ्यात तिला मैना दिसली. मैनाचा चेहरा पांढरा पडला होता. नुकतं बोलायला लागलेलं पोर. जे ऐकेल ते घरी जाऊन बापाला सांगणार. मग ह्या पोरीच्या आईचं काय होईल ते गोजराला सांगायला नको होतं. तिचा रोहिदास तिलाच तर ठाऊक.

“मी?” ती म्हणाली. “मी इथलीच एक बाय हाय. होडीच्या वाटेवर ऱ्हाते.”

“बरं,” मुलगी म्हणाली आणि पुन्हा कोंबड्यांकडे पळाली. मैनानं पदर तोंडाला लावला.

भरती होती तोवर निघायला हवं होतं. गोजरा त्यांना बंदरापर्यंत पोचवायला गेली. मैना वाकून पाया पडली, तेव्हा गोजरानं तिला उठवताना दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि लगेच सोडलं. “पुन्यांदा नको येऊस,” ती म्हणाली. “त्याला कललं तर तुला तरास. तुमी तिघा बरी ऱ्हावा.” मुलीच्या केसांवरून तिनं एकदा हात फिरवला. होडीवाल्याला सांगितलं, की पोरगी लहान आहे, मधे बसव.

होडी वळून दिसेनाशी झाली तशी ती घरी आली. दार लोटून घेतलं, पण लगेच आवरायला घेतलं नाही. चुलीतला विस्तव गेला होता. मुलीच्या ताटलीत निम्मा भात तसाच उरला होता, बोटांनी कालवलेला, मधे खळगा केलेला. गोजरा तिथंच जमिनीवर बसली, ताटली ओढून घेतली आणि तो गार झालेला भात तिनं घासाघासानं सगळा संपवला.